बाळाची कार सीट: कोणती घ्यावी, कशी बसवावी, तोंड पुढे कधी करावं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठ महिन्यांची, वजन साडेआठ किलो. तान्हेपणी घेतलेली सीट आता लहान पडतेय असं आईवडिलांना वाटतं, कारण तिचे पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकतात आणि बसवलं की ती रडते. घरच्यांचं म्हणणं, वर्षाची झाली की तोंड पुढे करून टाका, आणि जवळच जायचं असेल तर मांडीवर घ्या, त्यात काय एवढं! एक नातेवाईक आपली जुनी सीट द्यायला तयार आहेत. आणि ‘जन्मापासून बारा वर्षांपर्यंत’ चालणारी एक सीट त्यांनी पाहून ठेवली आहे. यातलं काय करावं?

पालकांना सीट बसवायला शिकवणं आणि त्यांनी बसवलेल्या सीट तपासणं हे माझं काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मांडीचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यातून कळतं. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. ती कशावर तरी आदळली तर साधारण दशांश सेकंदात थांबते. पुढचा भाग चेपतो, गाडी अजून पाऊण मीटरभर सरकते आणि संपलं. तेवढ्या वेळात साडेआठ किलोच्या बाळाला थांबवायला सरासरी १२० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. मधल्या एखाद्या क्षणी त्याहूनही जास्त. ‘हळूच जाऊ’ म्हणून वेग ३० वर आणला तरी सत्तर किलोच्या आसपास. कुणाच्याही हातांना हे जमत नाही, आईच्याही नाही. आणि कवटाळून धरेन म्हणावं तर दशांश सेकंदात हात हलतही नाही. मांडीवर घेणाऱ्या माणसाने स्वतः पट्टा लावला नसेल तर त्याचं सगळं वजन बाळावर येतं आणि बाळ समोरच्या सीटमध्ये दाबलं जातं. दोघांना मिळून एकच पट्टा लावणं तर आणखी वाईट, कारण पुढून पट्टा आणि मागून मोठं माणूस यांच्या मध्ये बाळाचं पोट असतं. अंगाला बांधायच्या बेबी कॅरियरचीही तीच गत. तो चालताना बाळ पेलायला केलेला असतो, धडक पेलायला नाही.

तेव्हा सीटबद्दलचा कुठलाही निर्णय घेताना एकच विचारा: गाडी एकदम थांबली तर हा जोर बाळाच्या अंगावर नेमका कुठे पडेल, आणि तिथून गाडीच्या सांगाड्यापर्यंत कशातून जाईल? सैल पट्टा, वाकडी बसवलेली सीट, जाड जॅकेट, मधे घातलेली उशी, या सगळ्यांचा निकाल या एका प्रश्नावर लागतो. सीटचा रंग, कप ठेवायची जागा आणि जाहिरातीतली विशेषणं त्यात कुठेच येत नाहीत.

आता तोंड पुढे की मागे. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात ते प्रमाण साडेसात-आठ भागांत एक एवढं उतरतं. शिवाय बाळाच्या मानेचे मणके अजून अखंड हाड झालेले नसतात. एकेक मणका दोन-तीन तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे कूर्चेने जोडलेले असतात. ते जुळून एक व्हायला तीन ते सहा वर्षांचं वय उजाडतं. मानेचे बंधही ढिले असतात. आता समोरून धडक बसली आणि बाळाचं तोंड पुढे असेल तर खांदे पट्ट्यांनी जागेवर राहतात, पण डोकं पुढे फेकलं जातं, आणि त्या जड डोक्याला थांबवायचं काम एकट्या मानेवर येतं. कूर्चा ताणली जाते. तिच्या आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसू शकत नाही. तोंड मागे असेल तर डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत रुततात आणि जोर सगळ्या पाठीवर पसरतो. बाळाच्या बाजूने बघायचं तर फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

ही कल्पना साठ वर्षं जुनी आहे. स्वीडनचे संशोधक बर्टिल आल्डमन यांना ती जेमिनी मोहिमेच्या अंतराळवीरांची आसनं पाहून सुचली, कारण उड्डाणाचा जोर ते पाठीवर झेलत असत. १९६४ मध्ये त्यांच्या अशा सीटच्या पहिल्या नमुन्याची चाचणी व्होल्वो गाडीत झाली. स्वीडनमध्ये आजही चार वर्षांपर्यंत मुलं मागे तोंड करून बसतात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

‘वर्षाची झाली की पुढे’ हा सल्ला आता मागे पडला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ या नियमाप्रमाणे (तो २०१३ मध्ये लागू झाला, ‘आय-साइझ’ नावाने सीटवर दिसतो) १५ महिने पूर्ण होण्याआधी तोंड पुढे करताच येत नाही, आणि उंचीही किमान ७६ सेंटिमीटर लागते. ही अगदी खालची मर्यादा झाली. १५ महिने झाले की लगेच फिरवा असा तिचा अर्थ नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आधी ‘दोन वर्षांपर्यंत तरी’ असं म्हटलं होतं. २०१८ मध्ये वयाचा आकडाच काढून टाकला आणि सांगितलं, सीटच्या मागे-तोंड मर्यादेत मूल बसतंय तोवर तसंच राहू द्या. माझंही मत तेच. वाढदिवसाचा मानेच्या हाडांशी काही संबंध नसतो.

मग पाय? हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. पाय टेकणं, दुमडणं, मांडी घालून बसणं यात धोका नाही. मुलांचे सांधे लवचिक असतात, त्यांना ते अवघडही वाटत नाही. अवघड वाटतं ते पाहणाऱ्याला. पाय मोडला तर जुळतो, मानेचं तसं नाही. आणि उलट, पुढे तोंड असताना पाय पुढच्या सीटवर जोरात आदळतात, तेव्हा पायांना इजा होण्याची भीती तिकडेच जास्त.

तेव्हा तुमची सीट खरंच लहान पडली आहे का, हे आधी तपासा. मुलीच्या डोक्याचा माथा आणि सीटच्या कवचाची वरची कड यांत किती अंतर आहे ते बघा. काही सीटना किमान अडीच सेंटिमीटर मोकळी कड लागते, काहींवर उंचीची मर्यादा सेंटिमीटरमध्येच छापलेली असते. आपल्या सीटची अट तिच्या पुस्तिकेत मिळेल. मग वजनाची मर्यादा. तान्ह्यांच्या बऱ्याच सीट १३ किलोपर्यंत चालतात. साडेआठ किलोची, मध्यम उंचीची मुलगी अशा सीटमध्ये अजून काही महिने आरामात बसू शकेल, असा माझा अंदाज आहे. पाय हा निकष कुठेही नाही. माथा पुस्तिकेतल्या अटीपेक्षा वर आला किंवा वजन-उंचीची मर्यादा ओलांडली, यातलं जे आधी होईल तेव्हा सीट बदलायची.

पुढची सीट घ्याल ती मागे तोंड ठेवून जास्तीत जास्त किती उंची-वजनापर्यंत चालते, हा आकडा सगळ्यात आधी वाचा. आर१२९ च्या काही सीट मागे तोंड करून १०५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण चार वर्षांपर्यंत जातात. तुम्ही पाहिलेली ‘बारा वर्षांपर्यंत’वाली सीट याच कसोटीवर लावा. अशा सीट वाईटच असतात असं नाही, पण एकाच कवचात तीन वयं बसवायची म्हणजे तडजोडी येतातच. मागे तोंड करायची मर्यादा बऱ्याचदा लवकर संपते, आणि शेवटच्या वर्षांत बूस्टर (मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा नीट बसवणारी बैठक) म्हणून ती नीट बसत नाही. शिवाय कितीतरी सीटचं आयुष्य उत्पादकाने सहा ते दहा वर्षांचंच ठरवलेलं असतं, म्हणजे बारा वर्षांचं गणित मुळातच जमत नाही. मला विचाराल तर मागे तोंड करून लांबवर चालणारी एक सीट, आणि नंतर पाठ असलेला बूस्टर.

सीटवर मान्यतेचा शिक्का हवा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांखालच्या सीटवर वर्तुळात ‘ई’ अक्षर आणि देशाचा क्रमांक असलेलं लेबल असतं. त्यावर आर४४ किंवा आर१२९ लिहिलेलं असतं. आर४४ वजनाच्या गटांवर चालायचा. आर१२९ उंचीवर चालतो आणि त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणीही आली आहे. निवड असेल तर आर१२९ घ्या. अमेरिकेचं मानक वेगळं, ऑस्ट्रेलियाचं वेगळं. तिथल्या सीटवर तसं छापलेलं असतं. कसलंच लेबल नसलेली, नुसतं कापड आणि पट्टे असलेली ‘कुठेही बांधा’ छापाची वस्तू ऑनलाइन कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका. आणि मान्यता असलेल्या महागड्या सीटचा महागडेपणा बहुतेक वेळा कापडात, फिरणाऱ्या बैठकीत आणि सोयींत असतो.

सीट घेण्याआधी ती तुमच्या गाडीत लावून बघा. गाडीच्या सीटचा उतार, पट्ट्याची लांबी, बकल किती वर येतं, पुढची सीट किती मागे घ्यावी लागते, यांवर सगळं अवलंबून असतं. एका गाडीत दगडासारखी बसणारी सीट दुसरीत डुगडुगते. मागे तोंड असलेल्या सीटमुळे पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागत असतील तर तो माणूस दोन दिवसांत सीट पुढे फिरवायचा हट्ट धरतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्यामुळे घरातला सगळ्यात उंच चालक बरोबर न्या.

बसवण्याचे दोन मार्ग. गाडीच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत २८ सेंटिमीटर अंतरावर दोन धातूच्या कड्या असतील तर तुमच्याकडे आयसोफिक्स आहे. सीटचे दोन आकडे त्यात ‘खट्’ होईपर्यंत ढकलायचे आणि दोन्ही बाजूंची खूण हिरवी झाली का ते पाहायचं. एकच हिरवी म्हणजे बसलेली नाही. त्यावर तिसरा आधार लागतो: एकतर जमिनीवर टेकणारा पाय, नाहीतर वरून मागे जाणारा टॉप टेदर पट्टा. पाय जमिनीला घट्ट टेकलेला हवा, अधांतरी नाही आणि सीट उचलणाराही नाही. गाडीच्या जमिनीखाली सामानाचा कप्पा असेल तर त्याच्या झाकणावर पाय टेकवायच्या आधी गाडीची पुस्तिका वाचा, ते झाकण धडकेत खचू शकतं. टॉप टेदर पुढे तोंड असलेल्या सीटला फार उपयोगी आहे. त्याने डोकं १० ते १५ सेंटिमीटर कमी पुढे जातं, आणि समोरच्या सीटवर आपटणं-न आपटणं तेवढ्यावरच ठरतं. तरी लोक तो लावायचा विसरतात, किंवा डिकीतल्या सामानाच्या हुकाला अडकवतात. त्या हुकावर किराणा टिकेल, मूल नाही.

आयसोफिक्स नसेल तर गाडीच्या पट्ट्याने बसवलेली सीटही तितकीच सुरक्षित असते, फक्त चुकायला वाव जास्त. पट्टा सीटवर दाखवलेल्या वाटेनेच जायला हवा. मागे तोंडाची वाट बहुतेक निळ्या खुणांनी दाखवतात, पुढे तोंडाची लाल. पट्ट्याला कुठेही पीळ नको. बकल लावा, मग एक हात किंवा गुडघा सीटमध्ये टेकवून अंगाचा भार टाका आणि खांद्याकडचा पट्टा ओढत ओढत ढिलाई काढा. सीटवर पट्टा पकडून ठेवणारं कुलूप असेल तर लावा. मग पट्टा जिथून जातो नेमकं तिथेच सीट धरून उजवी-डावीकडे आणि पुढे-मागे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा. वरची कड हलवून बघू नका, मागे तोंडाची सीट तिथे थोडी हलतेच, आणि बरेच पालक त्यावरून उगाच घाबरतात. बकलचा देठ सीटच्या कडेवर आडवा टेकून वाकत असेल तर ती जोडी जमली नाही, दुसरी जागा किंवा दुसरी सीट बघा. आणि आयसोफिक्स व पट्टा दोन्ही एकदम लावले की दुप्पट सुरक्षित, असं नाही. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलं नसेल तर एकच लावा.

जागा मागची. मधली जागा बाजूच्या धडकेपासून लांब असते, पण तिथे तीन बिंदूंचा (खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा) पट्टा किंवा आयसोफिक्स नसेल तर बाजूला घट्ट बसलेली सीट मधे सैल बसलेल्या सीटपेक्षा चांगली. समोर चालू एअरबॅग असलेल्या सीटवर मागे तोंडाची सीट कधीही ठेवू नका. ती एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे फुटते. यात ‘पण’ नाही.

आता रोजचं काम, आणि खऱ्या चुका इथेच होतात. सीट एकदाच बसवायची असते, पट्टे मात्र रोज लावावे लागतात. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यायला हवेत. पुढे तोंड असताना पातळीवर किंवा किंचित वरून. मुलगी वाढते तशी ही उंची बदलायला लागते. बाळाची पाठ आणि बूड आत नीट टेकवा, बकल लावा, आधी मांडीवरची ढिलाई वर काढा, मग पायांमधला पट्टा ओढा. आता खांद्यापाशी पट्टा दोन बोटांच्या चिमटीत उभा धरून पाहा. चिमटीत घडी आली तर सैल आहे, अजून ओढा. बोटं घसरली की झालं. छातीवर क्लिप असेल तर ती काखेच्या पातळीवर, पोटावर नाही. पट्ट्यात पीळ असेल तर तो सोडवाच. रुंद पट्टा जोर पसरवतो, पिळलेला पट्टा दोरीसारखा एका रेघेवर रुततो.

जाड जॅकेटचं काय होतं ते घरीच करून बघा. जॅकेट घालून पट्टे घट्ट करा, मग पट्टे न सैल करता मुलीला बाहेर काढा, जॅकेट उतरवा आणि परत बसवा. पट्टा आणि छाती यांत जेवढी फट दिसेल तेवढी धडकेत मिळेल, कारण जॅकेटमधला कापूस त्या जोरात चेपून जातो. पातळ कपडे, पट्टे, आणि त्यावरून पांघरूण. मानेला आधार म्हणून वेगळ्या विकत मिळणाऱ्या उशा, पट्ट्यांचे गुबगुबीत गिलाफ, डोकं बांधून ठेवायच्या पट्ट्या, यातलं सीटबरोबर आलेलं नसेल ते काढून टाका.

रडण्यावर माझ्याकडे जादू नाही. पण बऱ्याच वेळा कारण सापडतं: पायांमधलं बकल टोचतंय, उन्हात धातू तापलाय, पट्टा मानेला घासतोय, सीट फार उभी आहे. उतार सीटवरच्या रेषेने किंवा बुडबुड्याने तपासता येतो. लहान बाळाला ४५ अंशांच्या आसपास लागतो, नाहीतर हनुवटी छातीवर पडून श्वास अडतो. बसायला लागलेल्या मुलीला, सीट परवानगी देत असेल तर, थोडं उभं चालतं, आणि बाहेरचं दिसायला लागलं की कितीतरी मुलं शांत होतात. चालत्या गाडीत पट्टा सैल करून समजूत घालू नका. गाडी बाजूला थांबवा, बाहेर काढा, पाजा, मग पुन्हा बांधा. खेळायला मऊ, हलकं काहीतरी द्या. धातूची पाण्याची बाटली त्याच दशांश सेकंदात उडते, हे लक्षात असू द्या.

गाडीत झोपली तर झोपू दे, पण पोचल्यावर सीटसकट उचलून घरात ठेवू नका. जमिनीवर सीटचा उतार बदलतो आणि सैल केलेल्या पट्ट्यात बाळ खाली सरकून गळा अडकू शकतो. सपाट अंथरुणावर घ्या, उठली तर उठली. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी तरी बाहेर काढायचं. अगदी तान्हं असेल तर त्याहून बरंच लवकर.

पुढच्या वर्षांबद्दल दोनच गोष्टी. हार्नेसची, म्हणजे सीटच्या स्वतःच्या पट्ट्यांची, मर्यादा संपली की बूस्टर लागतो, कारण लहान मुलाच्या कमरेच्या हाडाला पट्टा अडकून राहील असा उंचवटा दहाएक वर्षांचा होईपर्यंत नीट तयार होत नाही. पट्टा वर सरकून मऊ पोटात शिरतो आणि आतडी, कणा यांना इजा करतो. बूस्टर मुलाला उंच करून पट्टा मांड्यांवर आणि खांद्याच्या मधोमध आणतो. तो कधी सोडायचा? वेगवेगळ्या देशांत ही रेषा १३५ ते १५० सेंटिमीटरच्या मध्ये आहे. मुलगी पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेवर वाकत असतील आणि पट्टा गळ्यावर किंवा पोटावर येत नसेल, तेव्हा.

राहिली नातेवाइकांची सीट. जवळच्या माणसाने दिलेली, जिचा पूर्ण इतिहास कळतो अशी जुनी सीट घ्यायला माझी हरकत नाही. बाजारातून अनोळखी माणसाकडून घेऊ नका, ती कधी धडकेत होती की नाही हे नुसतं बघून कळत नाही. नातेवाइकांना सरळ विचारा: गाडी कधी आदळली होती का, सीट रिकामी असताना तरी? पट्टे मशीनमध्ये किंवा ब्लीचने धुतले होते का? त्याने धागे कमजोर होतात. पट्टे ओल्या फडक्यानेच पुसायचे असतात. मग कवच उलटं करून उत्पादनाची तारीख आणि ‘यानंतर वापरू नये’ ही तारीख शोधा, लेबलावर किंवा प्लास्टिकवर कोरलेली असते. उन्हात तापून-गार होऊन प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून ती मर्यादा असते. पुस्तिका मिळवा, सगळे भाग आहेत का जुळवून पाहा, आणि मॉडेलचा क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून ते परत मागवलेलं नाही ना ते बघा. यातलं काही एक जमलं नाही तर ती सीट नको. त्यांना वाईट वाटेल म्हणून घेतलीतच, तरी वापरू नका. टाकून देताना तिचे पट्टे कापून टाका, म्हणजे उचलून नेणारा ती दुसऱ्या बाळाला लावणार नाही.